दक्षिणेची किल्ली : एका इंग्रजी शब्दाचा मराठी प्रवास

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून असीरगड उभा आहे. त्याचा उल्लेख करावयाचा झाला म्हणजे आपले इतिहासलेखक, प्रवासवर्णनकार आणि पाठ्यपुस्तकांचे कर्ते ‘दक्षिणेची किल्ली’ हे विशेषण जवळजवळ प्रतिज्ञेसारखे उच्चारतात. नर्मदेचे खोरे व तापीचे खोरे यांच्यामधील वाट या गडाच्या पायथ्याशी आहे. तेव्हा ज्याच्या हाती हा गड त्याच्या हाती दक्षिण, असा त्याचा इत्यर्थ. हे विशेषण मूळचे मराठी नव्हे. इंग्रज लेखकांनी असीरगडास ‘की ऑफ द डेक्कन’ म्हटले आणि आपण ‘की’च्या जागी ‘किल्ली’ ठेवून मोकळे झालो. शब्दास शब्द बरोबर बसला. परंतु अर्थही बसला काय, आणि इतिहासास तो मानवतो काय, हे तपासण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात ते घ्यावयाचे योजिले आहे.

प्रथम खुद्द इंग्रजी शब्दाचे कुळ पाहू. आश्चर्य असे की, इतका नित्याचा हा शब्द इंग्रजीत पोरका आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘कॅग्’च्या जवळपासच्या रूपात आढळतो, शेजारच्या फ्रिझियन भाषेत त्याचा एक भाऊ सापडतो, त्यापलीकडे त्याचे खात्रीलायक नातलग कोणास दाखविता आलेले नाहीत. जर्मन भाषा याच वस्तूस ‘श्ल्युसेल’ म्हणते, आणि तो शब्द ‘बंद करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे सख्ख्या भाषाभगिनीशीही येथे मेळ नाही. उच्चाराचीही तीच गत. सतराव्या शतकापर्यंत हा शब्द ‘के’ असा, ‘डे’शी यमक जुळेल अशा रीतीने उच्चारीत असत, पुढे तो ‘की’ झाला. त्यातच भर म्हणून, त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा आणखी एक ‘की’ इंग्रजीत आहे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या टोकाशी जी लहान बेटे आहेत त्यांचा हा ‘की’ स्पॅनिश ‘कायो’वरून आला, आणि कुलपाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बंदरातील धक्क्यास इंग्रजीत जो ‘की’ म्हणतात तो आज निराळ्या अक्षरांनी लिहितात. पूर्वी तोही असाच लिहीत असत. एकाच उंबऱ्यात तीन परके एकमेकांस ओळख न देता राहावेत, तसा हा प्रकार आहे.

कुळ अज्ञात असले तरी या शब्दाने मिळकत मोठी केली. कुलूप उघडण्याचे साधन हा मूळ अर्थ. त्यावरून गूढ लिपीचा उलगडा करणारी सूची, गणिताच्या पुस्तकाची उत्तरे, नकाशातील चिन्हांचे स्पष्टीकरण हे अर्थ निघाले. वाद्याच्या, टंकलेखनयंत्राच्या व तारायंत्राच्या दाबावयाच्या भागासही तेच नाव मिळाले. संगीतात ज्या स्वरास षड्ज मानून गावयाचे त्यास पाश्चात्त्य लोक ‘की’ म्हणतात. आपले गवई तेथे ‘पट्टी’ म्हणतात आणि ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ असा हिशेब सांगतात. हा हिशेब बाजाच्या पेटीवरून आला हे उघड आहे. परंतु परके वाद्य घेऊनही आपल्या लोकांनी परका शब्द घेतला नाही, एवढे येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. विसाव्या शतकात तर हा शब्द विशेषणच बनला. महत्त्वाचा माणूस, महत्त्वाचा उद्योग, महत्त्वाचा प्रश्न, सर्वांच्या मागे ‘की’ लागू लागला.

मोक्याच्या स्थळास ‘की’ म्हणण्याचा प्रघात यापेक्षा पुष्कळ जुना, आणि त्यामागे युरोपातील दोन परंपरा आहेत. एक धर्माची. स्वर्गराज्याच्या किल्ल्या येशूने पीटरच्या हवाली करण्याचे वचन मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आहे. पोपच्या ध्वजावरील परस्परांवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या त्याचीच खूण होत. दुसरी परंपरा युद्धाची. शहर शरण आले म्हणजे त्याच्या अधिपतीने वेशीच्या किल्ल्या तबकात घालून विजेत्यापुढे कराव्यात, हा तेथील रिवाज. ब्रेडा शहराने १६२५ मध्ये पत्करलेल्या शरणागतीचे व्हेलास्केझने जे विख्यात चित्र काढले, त्याच्या मध्यभागी अशीच एक किल्ली आहे. स्पेनची राणी इझाबेला हिने १५०२ मध्ये जिब्राल्टरला जे मानचिन्ह दिले त्यात तीन बुरुजांचा एक गड आणि त्याच्या दारातून लोंबणारी सोन्याची किल्ली दाखविलेली आहे. जिब्राल्टर ही स्पेनची किल्ली, हा त्याचा भावार्थ. पुढे हेच जिब्राल्टर इंग्रजांनी १७०४ मध्ये घेतले आणि ते त्यांच्या लेखी भूमध्य समुद्राची किल्ली झाले. हिंदुस्थानात उतरलेला इंग्रज अधिकारी हा वारसा घेऊन आला होता. डोंगरावर तट दिसला आणि खाली वाट दिसली, की त्याच्या लेखणीतून ‘की’ हा शब्द आपोआप उतरावा, यात नवल नाही.

आता मराठीकडे वळू. मराठीत या एका वस्तूस निदान तीन नावे आहेत. देशावर किल्ली, मुंबईकोकणात चावी, आणि हिंदीच्या शेजारी, बऱ्हाणपूर-खंडव्याकडील मराठी माणसाच्या तोंडी चाबी. त्यांपैकी चावीचे मूळ निर्विवाद आहे. पोर्तुगीज ‘शावे’, त्यामागे लॅटिन ‘क्लाविस’. कोल्हापूर-सांगलीकडे नळाच्या तोटीसही चावी म्हणतात आणि ‘चावीला पाणी आले’ असे सहज बोलतात. पोर्तुगिजांस हा अर्थविस्तार स्वप्नातही सुचला नसता. यंत्राच्या दाबावयाच्या वा फिरवावयाच्या भागास मराठीत ‘कळ’ हा आणखी एक शब्द आहे, आणि त्याची अडचण अशी की, दुखण्याची कळ व भांडणाची कळ याही त्याच्या शेजारणी आहेत.

‘किल्ली’चे प्रकरण अधिक मनोरंजक आहे. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की दोरा-दोरी, सुरा-सुरी, टोपला-टोपली यांसारखीच किल्ला-किल्ली ही जोडी आहे. ध्वनी तसे सुचवितो खरा. पण तो केवळ योगायोग होय. किल्ला हा अरबी ‘कलअ’, फारसीच्या वाटेने आलेला. रघुनाथपंतांनी शिवकाली राजव्यवहारकोश रचला तेव्हा अशा शब्दांच्या जागी ‘दुर्ग’ आदी संस्कृत शब्द सुचविले. तथापि लोकांनी गड आणि किल्ला दोन्ही ठेवून घेतले. किल्लीचा संबंध मात्र मला संस्कृत ‘कील’ या शब्दाशी दिसतो. कील म्हणजे खुंटी, मेख, अडसराची खीळ. खिळा आणि खीळ ही त्याचीच भावंडे. फारसीत किल्लीस ‘कलीद’ म्हणतात, तो मूळ ग्रीकमधून आलेला शब्द आहे, आणि ध्वनिसादृश्यामुळे त्याने आपल्या शब्दास हातभार लावला असणे अशक्य नाही. परंतु मूळ धरावयाचे ते कीलाचेच. उत्तरेत ‘किल्ली’चा खुंटी हा अर्थ जुना आहे, याची साक्ष दिल्लीच्या प्रसिद्ध आख्यायिकेत मिळते. लोहस्तंभरूपी किल्ली शेषाच्या मस्तकात रुतली आहे की नाही हे पाहण्यासाठी राजाने ती उपटली, पुन्हा रोवली ती ढिली राहिली, आणि त्यावरून नगरास ढिल्ली नाव पडले, अशी ती कथा. व्युत्पत्ती म्हणून ती टाकाऊच. पण तेथील ‘किल्ली’ कुलपाची नव्हे, रोवलेल्या खुंटीची आहे, हे आपल्या कामाचे आहे.

खुंटीची किल्ली कशी झाली, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर लॅटिन भाषा देते. तेथे ‘क्लावुस’ म्हणजे खिळा आणि ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. दोहोंचे मूळ एकच. प्राचीन काळी दार बंद करण्याची खुंटी आणि ती सरकविण्याची आकडी यांत फार अंतर नव्हते. जे बंद करते तेच उघडते. आपल्या परंपरेतही याचा एक सुंदर दाखला आहे. दुर्गासप्तशतीच्या पाठापूर्वी कवच, अर्गला आणि कीलक म्हणण्याचा संप्रदाय आहे. अर्गला म्हणजे अडसर, कीलक म्हणजे त्याची खीळ. मंत्र कीलित असतो, त्याचे उत्कीलन करावे लागते. याच्याच जोडीला कुंजिकास्तोत्र आहे, आणि हिंदीतील कुंजी या शब्दाशी त्या नावाचे नाते उघड आहे. चिलखत, अडसर, खीळ, किल्ली असा हा सगळा सरंजाम दुर्गा या देवतेभोवती उभा राहावा, हे तिच्या नावास साजेसेच आहे.

माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येथून निघतो. मूळ वस्तू एक, बंद करणारी व उघडणारी. पण इंग्रजीने तिच्या उघडण्याच्या बाजूवर आपली सारी रूपके उभारली, आणि मराठीने अडण्याच्या बाजूवर. इंग्रजीत एखाद्या प्रश्नाची ‘की’ सापडते, म्हणजे प्रश्न सुटतो. मराठीत ‘खरी मेख येथेच आहे’ असे आपण म्हणतो, म्हणजे गाडे कोठे अडले ते समजते. एखादा कामाला खीळ घालतो, दुसरा मेख मारून ठेवतो. मेख हा शब्द फारसी खरा, परंतु त्याने मराठीत येऊन जे घर केले ते याच भावनेच्या आधाराने. ‘वर्म’ आणि ‘मर्म’ हे आपले जुने शब्दही नाजूक, दुखऱ्या जागेचे वाचक आहेत; ती जागा गवसणे म्हणजे दार उघडणे नव्हे, कोठे बोट ठेवावे हे कळणे होय. हा दृष्टिभेद एखाद्यास क्षुल्लक वाटेल. असीरगडाच्या बाबतीत तो क्षुल्लक नाही.

गड दक्षिणेची किल्ली असेल, तर दोन गोष्टी घडावयास हव्यात. ती हाती आल्याशिवाय कोणास आत जाता येऊ नये, आणि हाती आल्यावर घर उघडावे. इतिहास काय म्हणतो? अकबराने या गडाला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो त्याच्या ताब्यात आला. परंतु अहमदनगरचा किल्ला त्याच्या सैन्याने त्यापूर्वीच, ऑगस्ट १६०० मध्ये, घेतला होता. दिवाणखान्यात प्रवेश होऊन पाच महिने लोटल्यावर बाहेरच्या दाराची किल्ली मिळावी, असे हे झाले. आणि मिळाल्यावर? सलीमच्या बंडामुळे अकबर त्याच वर्षी आग्र्यास परतला. खानदेशाचे नाव राजपुत्र दानियालवरून दानदेश ठेवले गेले. गडाच्या स्मरणार्थ बहिरी ससाण्याची आकृती असलेली सोन्याची मोहोर पडली. परंतु अहमदनगरची निजामशाही बुडावयास १६३६ साल उजाडावे लागले, आणि विजापूर व गोवळकोंडे त्यानंतर अर्ध्या शतकाने पडले. हे कसले उघडणे?

मराठ्यांच्या दिशेने पाहिले तर हे विशेषण अधिकच लंगडे पडते. किल्लीने दार दोन्ही बाजूंनी उघडावयास हवे. बाजीरावाने १७३७ मध्ये दिल्लीवर धडक मारली, १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेस पोहोचल्या; आणि असीरगड निजामाकडून पेशव्यांस मिळाला तो उदगीरच्या विजयानंतर, १७६० मध्ये. नर्मदा ओलांडून सिंधूपर्यंत जाणाऱ्यांच्या कनवटीस ही किल्ली नव्हतीच. पुढे गड शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या युद्धात कर्नल स्टीव्हन्सनने तो २१ ऑक्टोबर रोजी घेतला, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने इंग्रजांनी तो शिंद्यांस परत केला. हाती आलेली दक्षिणेची किल्ली दोन महिन्यांत परत करणारे राज्यकर्ते तिला मनातून खरोखर किल्ली समजत होते काय, याचा विचार वाचकांनीच करावा. १८१८ च्या ३ जून रोजी दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तो याच परिसरात, असीरगडाजवळच्या धुळकोट येथे. पेशवाई संपली, दक्षिण सारी इंग्रजांची झाली. गड मात्र आणखी दहा महिने, एप्रिल १८१९ पर्यंत, शिंद्यांच्या निशाणाखाली उभा होता. घराचा ताबा घेतल्यावर शेवटी मिळणाऱ्या वस्तूस किल्ली म्हणण्याची पद्धत कोणत्याच भाषेत नाही.

मग तो गड होता तरी काय? मेख होता. खिंडीत ठोकलेली मेख. तिला वळसा घालून जाता येत असे आणि सगळेच जात; परंतु मागे ती तशीच ठेवून जाणाऱ्याच्या मनास स्वस्थता नसे. अन्नधान्याची तांडे, खजिना, डाक, जखमी लोक यांना तिच्या पायथ्याशी अडविता येत असे. गडाचे सामर्थ्य अडविण्यात होते, उघडण्यात नव्हते. मराठीत त्यासाठी नेमका शब्द तयार असताना आपण परभाषेतील रूपकाचे भाषांतर पत्करले, आणि त्याबरोबर परभाषेतील दृष्टीही पत्करली, असे मला वाटते. किल्ली ही ज्याला आत शिरावयाचे आहे त्याची वस्तू आहे. ‘दक्षिणेची किल्ली’ असे म्हणणारा उत्तरेकडे तोंड करून नव्हे, उत्तरेत उभा राहून दक्षिणेकडे पाहतो. दिल्ली, आग्रा आणि कलकत्ता येथून हा गड तसा दिसणे स्वाभाविक आहे. पुणे, पैठण किंवा खुद्द बऱ्हाणपूर येथून तो तसा का दिसावा?

याच भागात लोकांच्या तोंडी ‘दख्खनचा दरवाजा’ हे दुसरे विशेषण आहे, ते कधी बऱ्हाणपुरास तर कधी गडास लावतात. हे रूपक मला अधिक आपलेसे वाटते. दार घराचे असते. आत राहणाऱ्याचा त्यावर अधिकार असतो. बऱ्हाणपुराहून तापीच्या काठाने खाली उतरत गेले म्हणजे चांगदेव, मेहूण, मुक्ताईनगर हा मुक्ताबाईच्या समाधीचा प्रदेश लागतो, आणि मुक्ताबाई म्हटले की ताटीचे अभंग आठवल्यावाचून राहत नाहीत. रुसून आत बसलेल्या ज्ञानेश्वरास ती ताटी उघडावयास विनविते. कुडाच्या झापास कुलूप नसते, किल्ली नसते. ज्याने लावले त्यानेच ते उघडावयाचे. एकनाथांच्या भारुडातही बयेला दार उघडण्याचे साकडे आहे. मराठी काव्याची कल्पना दारापाशी अशी वारंवार थांबते आणि आतल्याची विनवणी करते. किल्ली शोधीत ती क्वचितच हिंडते.

असीरगडाच्या संदर्भात आणखी एक वाक्य शाळेपासून सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे : ‘अकबराने सोन्याच्या किल्ल्यांनी असीरगड उघडला.’ म्हणजे लाच दिली. सोन्याची किल्ली कोणतेही दार उघडते, अशी इंग्रजीत जुनी म्हण आहे, तिचीच ही छाया. मराठीत ‘दाम करी काम’ एवढ्यात हे संपले असते. शिवाय मराठीत येथे एक गमतीची अडचण उद्भवते. किल्ला आणि किल्ली या दोन्ही शब्दांचे अनेकवचनी सामान्यरूप एकच. ‘किल्ल्यांनी’, ‘किल्ल्यांचा’ म्हटल्यावर गड समजावे की कुलपाच्या चाव्या, हे संदर्भावरच ठरते. किल्ल्याच्या किल्ल्या, किल्ल्यांच्या किल्ल्या असे लिहिण्याची पाळी ज्यावर आली आहे त्यास मी काय म्हणतो ते उमगेल. मराठ्यांच्या गडव्यवस्थेत सायंकाळी दरवाजे लावून किल्ल्यांचा जुडगा जवळ बाळगण्याची जबाबदारी हवालदाराची असे. त्या प्रकरणावर लिहिताना तर लेखकाची त्रेधाच उडते. अशा ठिकाणी गड व किल्ली, किंवा किल्ला व चावी, अशी जोडी निवडावी हे बरे.

त्या वाक्यातील इतिहासही निर्विवाद नाही. वेढ्याच्या वेळी जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री अकबराच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांवर आधारलेला वृत्तांत सांगतो की बादशहाने अभय देऊन राजा बहादूर फारुकी यास बाहेर आणले, वचन मोडले, आणि गडकऱ्यांस पैसा चारला. अबुल फझलही त्या मोहिमेत होता. दरबारी लेखक गडावरील रोगराईवर आणि शरणागतीच्या बोलण्यांवर भर देतात. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ च्या आपल्या अकबरचरित्रात पाद्र्यांचा पक्ष उचलला, आणि तेथून सोन्याच्या किल्ल्या पाठ्यपुस्तकांत शिरावयास वाट मोकळी झाली. त्याच वृत्तांतानुसार गडाच्या बचावात पोर्तुगीज लढवय्येही होते. ज्यांच्या भाषेने आपणांस चावी दिली ते गडाच्या आत, आणि ज्यांच्या भाषेतून ‘की’ येणार ते अद्याप सागरापलीकडे, अशी ही मौज. सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला तो यानंतर, १६१५ मध्ये.

जाता जाता गडाच्या नावाविषयी एक शब्द. आसा अहीर नावाच्या धनाढ्य गवळ्याचा हा गड, म्हणून आसीर, असे फिरिश्ता सांगतो. त्याच कथेत फारुकी सुलतान नासीरखान डोल्यांतून स्त्रियांऐवजी सशस्त्र माणसे पाठवून गड बळकावतो. कथा चांगली आहे, आणि चांगल्या कथेस साजेसे नाव शोधलेलेही असू शकते. स्थानिक लोक अश्वत्थाम्याचा संबंध जोडतात. बंदिवान या अर्थाचा अरबी-फारसी ‘असीर’ मात्र येथे आणू नये. त्याचा आद्य स्वर ऱ्हस्व, गडाच्या नावाचा फारसी लेखनात दीर्घ आहे.

‘की’ या शब्दाचे आजचे मराठी अवतार पाहिले म्हणजे हा विषय केवळ एका गडापुरता राहत नाही. ‘यशाची गुरुकिल्ली’ इतकी घासली गेली आहे की तिने आता कोणतेच कुलूप उघडत नाही. वृत्तपत्रांतील ‘कळीचा मुद्दा’ तर पाहता पाहता रूढ झाला. यंत्राची कळ येथे अभिप्रेत असली तरी ‘कळीचा’ म्हटल्याबरोबर मराठी कानास प्रथम नारद आठवतो. ‘कळफलक’ या शब्दास मात्र माझा आक्षेप नाही. तेथे खरोखरच कळ आहे, ती दाबतात, आणि शब्द वस्तूशी प्रामाणिक आहे. आक्षेप आहे तो वस्तू नसताना तिचे रूपक उसने आणण्यास. ‘मुख्य प्रश्न’, ‘खरी मेख’, ‘वर्म’, ‘इंगित’ हे शब्द हाताशी असता प्रत्येक ठिकाणी कळ आणि किल्ली यांची योजना करणारा लेखक विचार इंग्रजीत करून तो मराठीत उतरवीत असतो, आणि वाचकास ते जाणवते.

१८१९ च्या वेढ्याचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांस गडावर आश्रय मिळाला असा इंग्रजांचा संशय होता. शिंद्यांनी गड खाली करण्याची आज्ञा उघडपणे दिली. किल्लेदार जसवंतराव लाड याने ती मानली नाही. डव्हटन व माल्कम यांच्या तोफांपुढे ९ एप्रिल रोजी गड पडला. नंतर जसवंतरावाच्या कागदांत शिंद्यांचेच एक पत्र सापडले : आप्पासाहेब सांगतील तसे करावे, असा त्याचा आशय. त्या पत्राचे निमित्त करून इंग्रजांनी गड कायमचा आपल्याकडे ठेवला.